प्लेटलेट, गुठळी आणि जुनाट फुप्फुसविकार : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांत दोन विषय ठळकपणे दिसतात. एक म्हणजे सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या, रुग्णांना उठलेली धाप आणि दुसरा म्हणजे प्लेटलेटचा आकडा. या वेळी आलेल्या काही पत्रांत हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत. त्यामुळे हे संपूर्ण सदर जुनाट फुप्फुसविकार आणि रक्ताच्या गुठळ्या यांच्या संबंधासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. तीस वर्षे विड्या ओढल्यानंतर त्यांनी व्यसन सोडले, पण तोवर सीओपीडी जडली होती. जूनमध्ये छातीत संसर्ग झाल्यामुळे त्यांना पाच दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या वेळच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) प्लेटलेट ५ लाख ४० हजार आल्या. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण होते, तेव्हा सगळ्यांनी प्लेटलेट उतरण्याचीच धास्ती घेतली होती. त्यामुळे हा मोठा आकडा पाहून आम्हाला आधी बरेच वाटले. आता एक नातेवाईक म्हणतात की रक्त घट्ट झाले आहे, रोज एक इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिनची गोळी) सुरू करा. आम्ही काय करावे?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुमच्या नातेवाइकांची काळजी निराधार नाही, परंतु त्यांनी सुचवलेला उपाय वडिलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नका. डेंग्यूमुळे आपल्याकडे घरोघरी प्लेटलेटचा आकडा माहीत झाला हे चांगलेच झाले. मात्र त्यातून आकडा उतरला तर धोका आणि चढला तर प्रकृती उत्तम, अशी एक समजूतही रुजली आहे. सीओपीडीच्या रुग्णाच्या बाबतीत ती खरी नाही.

प्लेटलेट या रक्तातल्या अतिशय लहान, केंद्रक नसलेल्या पेशी होत. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींपासून तुटून त्या तयार होतात, साधारण ७ ते १० दिवस रक्तात फिरतात आणि रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे चिकटून रक्तस्राव थांबवतात. दर मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या दीड लाख ते साडेचार लाख असणे सर्वसाधारण मानले जाते. फुप्फुसांशी त्यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जवळचे असावे. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या फुप्फुसांतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मज्जेतून आलेल्या मोठ्या पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत प्लेटलेट सोडताना दिसल्या. उंदरांच्या एकूण प्लेटलेटपैकी सुमारे निम्म्या तिथेच तयार होत असाव्यात, असा अंदाज त्यांनी मांडला. माणसाच्या बाबतीत हे प्रमाण तेवढेच असेल असे त्यावरून म्हणता येत नाही, पण फुप्फुस हे केवळ हवा आत-बाहेर करणारे इंद्रिय नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आता तुमच्या वडिलांच्या आकड्याकडे वळू. छातीत संसर्ग झाला की शरीरात दाह वाढतो. या दाहात इंटरल्यूकिन-६ नावाचे रसायन मोठ्या प्रमाणात तयार होते आणि त्याच्या प्रभावाखाली यकृत थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. हे संप्रेरक मज्जेला प्लेटलेट वाढवण्याचा संदेश देते. गुठळी घट्ट विणणारे फायब्रिनोजेन हे प्रथिनही अशा वेळी वाढते. म्हणजे ५ लाख ४० हजार हा आकडा बहुधा त्या आजारपणाचीच खूण आहे. अशा प्रतिक्रियेतून वाढलेल्या प्लेटलेट आजार शमल्यावर काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. म्हणून वडील पूर्ण सावरल्यावर चार ते सहा आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करून घ्यावी, हे पहिले काम. त्याच वेळी शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचीही तपासणी करावी, कारण लोहाची कमतरता हे प्लेटलेट वाढण्याचे अतिशय नेहमीचे आणि सहज सुटून जाणारे कारण आहे. जेवण कमी झालेल्या वयस्कर रुग्णात ती आढळली तर आश्चर्य वाटायला नको, परंतु या वयात लोह का कमी झाले, पोटातून रक्त जाते आहे का, याचाही शोध घ्यावा लागतो. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन थांबू नये. प्रकृती स्थिर असताना दोन-तीन वेळा तपासूनही आकडा साडेचार लाखांच्या वरच राहिला, तर मात्र रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. क्वचित मज्जेचाच विकार असतो आणि त्यासाठी जेएके-२ सारख्या जनुकीय तपासण्या कराव्या लागतात.

मग गुठळीचा धोका कितपत? माझ्या मते इथे संख्येपेक्षा प्लेटलेटच्या वागण्याला अधिक महत्त्व आहे. २०११ साली एडिंबरा येथील संशोधकांनी सीओपीडीच्या रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या किती आढळतात ते मोजले. प्लेटलेट उत्तेजित झाल्याची ही एक भरवशाची खूण मानली जाते. सीओपीडीचा आजार स्थिर असतानाही अशा जोड्या निरोगी माणसांपेक्षा अधिक होत्या आणि आजार बळावला तेव्हा त्या आणखी वाढल्या. सीबीसीच्या कागदावर यातले काहीच उमटत नाही. प्लेटलेट २ लाख ५० हजार असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेटही उतावळ्या झालेल्या असू शकतात. त्यामागे सततचा दाह असतो, रक्तातला कमी ऑक्सिजन असतो आणि रुग्ण अजून विडी-सिगारेट ओढत असेल तर धुराचा थेट परिणामही असतो. तुमच्या वडिलांनी विडी सोडली, हा त्यांच्या रक्तवाहिन्यांवर झालेला सर्वांत मोठा उपकार आहे आणि त्याचे मोल कोणत्याही गोळीपेक्षा अधिक आहे, असे मी मनापासून मानतो.

संख्येला काहीच अर्थ नाही, असे मात्र समजू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, आजार बळावल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या तेराशेहून अधिक सीओपीडी रुग्णांची नोंद तपासली गेली. ज्यांच्या प्लेटलेट वाढलेल्या होत्या, त्यांच्यात रुग्णालयातील आणि पुढील वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. जे रुग्ण आधीपासून अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारी औषधे घेत होते, त्यांच्यात वर्षभरातील मृत्यू कमी होते. तुमच्या नातेवाइकांच्या कानावर कदाचित हेच आले असेल. परंतु या अभ्यासात कोणाला गोळी द्यायची आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, केवळ जे घडले त्याची नोंद होती. वाढलेल्या प्लेटलेटमुळे धोका वाढला, की आजार मुळातच तीव्र असल्यामुळे प्लेटलेटही वाढल्या आणि धोकाही, हे अशा नोंदींवरून सांगता येत नाही. केवळ सीओपीडी आहे किंवा केवळ प्लेटलेट वाढल्या आहेत म्हणून अ‍ॅस्पिरिन द्यावी, असा सल्ला म्हणूनच आजही दिला जात नाही.

अ‍ॅस्पिरिनची किंमतही मोजावी लागते. ती पोटाच्या अस्तराला इजा करते, आणि सीओपीडी बळावल्यावर प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड दिले जाते तेव्हा, विशेषतः सत्तरीकडे झुकलेल्या रुग्णात, जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका आणखी वाढतो. काही दमेकऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या नाकात कोंब वाढतात अशांना, अ‍ॅस्पिरिनने श्वासनलिका आकुंचन पावून तीव्र झटका येतो. मात्र वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, स्टेंट बसवलेला असेल किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल, तर अ‍ॅस्पिरिन किंवा तिच्यासारखे औषध त्या कारणासाठी आवश्यकच असते. त्यासाठी पुढच्या भेटीत छातीच्या डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्टपणे विचारा : हृदयाची तपासणी करायला हवी का, आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात आहेत का. सीओपीडी बळावल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा बराच वाढलेला असतो. धाप आहेच, छातीतली कळही त्यातलीच असेल, असे समजून घरची माणसे थांबून राहतात, याची मला फार काळजी वाटते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही, पण साताऱ्याकडच्या गावी चाळीस वर्षे चुलीपुढे काढल्यामुळे त्यांना सीओपीडी झाली, असे डॉक्टरांनी सांगितले. मार्चमध्ये त्या आमच्याकडे असताना आजार बळावला. आठवडाभर अंथरुणावर होत्या. कफ कमी होऊन बरे वाटू लागले असतानाच एका सकाळी अचानक धाप वाढली आणि डावी पोटरी सुजली. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळी सापडली. आता अपिक्सबॅन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू आहे. त्यांच्या प्लेटलेट पूर्ण काळ दोन लाखांच्या आसपास होत्या. मग गुठळी कशी झाली? आणि पुढच्या वेळी आम्ही ओळखावी कशी?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न या सदरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. धमनीतली गुठळी आणि नीलेतली गुठळी या दोन वेगळ्या घडामोडी आहेत. हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत, वेगाने वाहणाऱ्या रक्तात, जी गुठळी होते तिच्यात प्लेटलेटचा वाटा मोठा असतो. म्हणून तिथे अ‍ॅस्पिरिन उपयोगी पडते. पोटरीच्या खोल नीलेत होणारी गुठळी मुख्यतः फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्याची आणि तांबड्या पेशींची असते. ती सुटून रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. तिच्यासाठी हेपॅरिन, वॉरफॅरिन किंवा अपिक्सबॅनसारखी, रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करणारी औषधे लागतात. प्लेटलेट अगदी सर्वसाधारण असतानाही अशी गुठळी होऊ शकते आणि बहुतेकदा तशीच होते.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखोव यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्गात शिकवली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र आली असावीत. अंथरुणावर पडून पोटऱ्यांची हालचाल थांबली होती, संसर्गाने दाह वाढला होता, धापेमुळे खाणेपिणे कमी होऊन शरीरातले पाणी कमी झाले असेल, आणि स्टिरॉइड दिले गेले असल्यास त्याचाही हातभार लागतो. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अचानक धाप वाढल्यामुळे दाखल झालेल्या ७४० सीओपीडी रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा ५.९ टक्के रुग्णांच्या फुप्फुसांत गुठळी आढळली. म्हणजे साधारण सतरा रुग्णांमागे एक. हा धोका नगण्य नाही, पण दर वेळी धाप वाढली की सीटी स्कॅन करावा एवढा मोठाही नाही. त्याच वर्षी स्पेनमधील एका चाचणीत दाखल झालेल्या सर्वच रुग्णांची गुठळीसाठी सरसकट तपासणी केली गेली, पण त्यामुळे त्यांच्या प्रकृतीत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली नाही. तपासणी कोणाची करायची हे लक्षणांवरूनच ठरवावे लागते.

ती लक्षणे घरच्या माणसांना माहीत असली पाहिजेत. सीओपीडी बळावते तेव्हा बहुधा कफ वाढतो, त्याचा रंग पिवळा किंवा हिरवा होतो, छातीत घरघर वाढते, कधी ताप येतो आणि हे सारे एक-दोन दिवसांत चढत जाते. गुठळीची धाप मात्र अनेकदा एकाएकी येते. कफ वाढलेला नसतो, नेब्युलायझर देऊनही फरक पडत नाही, ऑक्सिमीटरवरचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली येतो आणि नाडी जलद होते. दीर्घ श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखे दुखणे, बेडक्यात रक्त दिसणे, चक्कर येऊन पडणे आणि एकाच पायाची पोटरी सुजणे किंवा दाबल्यावर दुखणे, यांपैकी काहीही असले तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक न्या, आणि मागे गुठळी झाली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा. कोविडपासून लोक डी-डायमर ही, गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी, तपासणी स्वतःहून करून घेतात. ती वाढलेली आली तरी घाबरू नये, कारण नुसत्या संसर्गानेही ती वाढते आणि वयाबरोबर तिची मर्यादाही बदलते. डॉक्टरांना गुठळीची शक्यता कमी वाटत असताना ती सर्वसाधारण आली, तर गुठळी नाही असे मानता येते. तिचा खरा उपयोग एवढाच.

अपिक्सबॅन किमान तीन महिने घ्यावी लागते. त्यानंतर ती चालू ठेवायची की नाही, हे सासूबाईंच्या पुढील धोक्यावरून डॉक्टर ठरवतील. मधेच बरे वाटते म्हणून ती बंद करू नका आणि सांधे दुखले म्हणून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके दुकानातून आणून देऊ नका. टीबीवरच्या उपचारांतील रिफाम्पिसिनमुळे अपिक्सबॅनचा परिणाम खूप कमी होतो. फुप्फुसांच्या रुग्णाला पुढे कधी टीबीचे औषध सुरू करावे लागले, तर हे आठवणीने सांगा. वॉरफॅरिन घेणाऱ्या इतर वाचकांसाठी : छातीच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनमुळे रक्त अपेक्षेपेक्षा अधिक पातळ होऊ शकते, त्यामुळे अशा कोर्समध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकर तपासावा.

प्लेटलेट उतरूनही गुठळ्या होतात, असा एक अपवाद इथेच नोंदवतो. रुग्णालयात हेपॅरिन सुरू केल्यानंतर साधारण ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या, तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. हेपॅरिनविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या या दुर्मीळ विकारात प्लेटलेट उतरतात आणि त्याच वेळी गुठळ्या होतात. अशा वेळी बाहेरून प्लेटलेट भरणे हा उपाय नसतो. हेपॅरिन थांबवून दुसरे औषध द्यावे लागते.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून मला सीओपीडी आहे. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, पण त्याच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून मी तो दिवसा पाच-सहा तासच लावतो. हिमोग्लोबिन १८.५ आले आहे. मित्र म्हणतो, रक्तदान कर म्हणजे रक्त पातळ होईल.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : रक्तदान करू नका. घरी ऑक्सिजन लावावा लागणारी व्यक्ती रक्तदात्याच्या निकषांत बसत नाही आणि त्या श्रमाने तुमचीच प्रकृती बिघडू शकते. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडतात आणि मज्जा तांबड्या पेशी वाढवते. रक्त दाटते, त्याचा प्रवाह मंदावतो आणि फुप्फुसांच्या धमन्यांवरचा भार वाढतो. या दाटपणाचे मूळ प्लेटलेटमध्ये नसून ऑक्सिजनच्या कमतरतेत आहे, आणि त्यावरचा उपाय तुमच्या खोलीतच आहे. ज्यांच्या रक्तात विश्रांतीच्या वेळीही ऑक्सिजन फार कमी असतो, त्यांना दिवसाकाठी किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवून दिले. पाच-सहा तासांनी तो लाभ मिळत नाही. झोपेतले तास तर सोडूच नयेत, कारण तेव्हा ऑक्सिजन आणखी खाली जातो. यंत्र शेजारच्या खोलीत ठेवून लांब नळी वापरता येते का, हे पुरवठादाराला विचारा. प्रवाह स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीत ऑक्सिजनची संपृक्तता (ऑक्सिमीटरवरचा आकडा) ८८ ते ९२ टक्के राखणे पुरेसे असते, त्याहून अधिक ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. ऑक्सिजन नीट घेऊनही हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर राहिला, तर रक्त काढायचे की नाही हा निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा असतो. झोपेत घोरणे आणि श्वास थांबणे होत असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी आहे आणि स्टेंटमुळे ते अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल घेतात. तीन दिवस ताप आहे, डेंग्यूचा संशय आहे. गोळ्या थांबवू का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचे पत्र छापून येईपर्यंत तो ताप सरला असेल, पण हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो म्हणून उत्तर देतो. एरवी डेंग्यूच्या संशयात अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळून तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे. परंतु स्टेंट, विशेषतः अलीकडे बसवलेला स्टेंट, असलेल्या रुग्णाने या गोळ्या स्वतःहून थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा आणि सीबीसी रोज पाहावी. निर्णय प्लेटलेटच्या आकड्यावर आणि रक्तस्रावाच्या लक्षणांवर घेतला जातो. गोळ्या थांबवल्या तरी प्लेटलेटवरचा त्यांचा परिणाम पुढे काही दिवस टिकतो, हेही लक्षात असू द्यावे. ताप नसताना, कोणतेही लक्षण नसताना प्लेटलेट अचानक फार कमी दाखवल्या, तर काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करून घ्यावी. नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होऊन यंत्र चुकीचा, कमी आकडा देते, हे प्रयोगशाळेत अनेकदा घडते.

प्रश्न : सीओपीडी असलेल्या आईला गणपतीसाठी बसने कणकवलीला नेणार आहोत. पायात गुठळी होण्याची भीती आहे का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : चार तासांहून लांबच्या प्रवासात धोका थोडा वाढतो, पण तेवढ्यासाठी गणपती चुकवू नये. आजार बळावून रुग्णालयातून नुकत्याच आल्या असतील किंवा पूर्वी गुठळी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून प्रवास पुढे ढकलायचा का आणि प्रतिबंधक इंजेक्शन किंवा पायमोजे लागतील का, हे विचारा. एरवी मधल्या वाटेलगतची जागा घ्या, म्हणजे पाय पसरता येतील. दर अर्ध्या तासाने घोटे वर-खाली करायला सांगा आणि बस थांबेल तिथे उतरवून चार पावले चालवा. लघवीला जावे लागेल म्हणून आपल्याकडे बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत, ते आईला करू देऊ नका. इनहेलर सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा आणि गावाजवळच्या रुग्णालयाचा क्रमांक निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.